हार्डवेअरच्या मेमरीला पहिल्यांदा हात लावताना

डिव्हाइस ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, लिहिण्याच्या कामात येऊ पाहणारी मुलं मला हमखास विचारतात, सरावासाठी कुठला बोर्ड घेऊ? माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी बोर्ड घेऊच नका. लिनक्सवर क्यूईएमयू (सॉफ्टवेअरमध्येच अख्खा कॉम्प्युटर उभा करणारा प्रोग्रॅम) टाका आणि त्यातल्या व्हर्च्युअल मशीनला ‘एडू’ नावाचं डिव्हाइस जोडा. चेक प्रजासत्ताकातल्या मासारिक विद्यापीठात लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) शिकवण्यासाठी हे नकली पीसीआय कार्ड, म्हणजे मदरबोर्डच्या खाचेत बसणाऱ्या कार्डाची नक्कल, तयार झालं. मी याच्यावरच शिकले. चुकून भलतीकडे लिहिलं तर काही जळेल अशी धास्ती नव्हती, म्हणून भरपूर चुका करता आल्या.

या कार्डाला मेमरीच्या पत्त्यांमध्ये १ एमबीची जागा असते. पहिल्या ४ बाइट्समध्ये कार्डाची ओळख. पुढच्या ४ बाइट्सवर कुठलाही आकडा लिहा, वाचताना त्याचा प्रत्येक बिट उलटा होऊन येतो. हे पाहिलं तेव्हा मला खरं कळलं, की पत्ता मेमरीसारखा दिसला तरी पलीकडे कोणीतरी काम करत बसलंय.

प्रोग्रॅमला तिथवर कर्नल नेतं. रूट (सगळे अधिकार असलेला यूझर) होऊन सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल डिव्हाइसेस फाइल्सच्या रूपात दाखवतं तिथे, त्या डिव्हाइसच्या फोल्डरमधली ‘रिसोर्स झीरो’ फाइल उघडायची आणि तिच्यावर एममॅप करायचं, म्हणजे ती आपल्या प्रोग्रॅमच्या मेमरीत जोडून घ्यायची. (वाचताना सगळे बिट १ आले तर कार्ड चालूच केलेलं नाही, असं बहुधा समजा.) मला वाटायचं, कर्नल मध्ये बसून डेटा कॉपी करून देत असेल. तसं नसतं. ते तुमच्या प्रोसेसच्या पेज टेबलमध्ये (प्रोग्रॅमचा कुठला पत्ता प्रत्यक्षात कुठे जातो याची यादी, एका नोंदीत एक पेज) कार्डाचे फिजिकल ॲड्रेस नोंदवतं, कॅशिंग बंद करतं आणि बाजूला होतं. ४०९६ बाइट्सच्या पेजने १ एमबीच्या २५६ पेजेस होतात. पुढचं प्रत्येक वाचन-लेखन एमएमयूतून (ती यादी वापरून पत्ते बदलणाऱ्या प्रोसेसरच्या भागातून) जातं, त्यासाठी सिस्टम कॉल, म्हणजे कर्नलला विनंती, लागत नाही. म्हणजे परवानगी दारातच तपासली जाते. शिवाय अर्धी पेज देता येत नाही. निरुपद्रवी रजिस्टरच्या (कार्डाला हुकूम देण्याच्या किंवा त्याची स्थिती वाचण्याच्या जागेच्या) पेजमध्येच धोक्याचं रजिस्टर असेल, तर दोन्ही तुमच्या हाती लागतात. डिव्हाइसच्या रजिस्टरची मांडणी बघताना ही गोष्ट मी अजूनही सगळ्यात आधी तपासते.

आता माझे दोन दिवस खाल्लेली चूक. एडू फॅक्टोरियल काढतं: ८व्या बाइटवर (मोजणी ० पासून) संख्या लिहायची, ३२व्या बाइटवरचा ‘काम चालू’ हा बिट उतरेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा ८व्या बाइटवरून उत्तर वाचायचं. मी ५ लिहिले. १२० आले. मग कंपायलरचं ऑप्टिमायझेशन (कोड वेगवान करण्यासाठीची छाटणी) चालू करून तोच कोड कंपाइल केला, तर उत्तर ५! कधीकधी तर प्रोग्रॅम लूपमध्येच अडकून बसे. कार्डावर, क्यूईएमयूवर, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी असेंब्ली, म्हणजे कंपायलरने बनवलेल्या मशीनच्या सूचना, उघडली, तर तिथे दुसरं वाचनच नव्हतं. ‘इथे आत्ताच ५ लिहिलेत, मग परत वाचायचं कशाला’ असा कंपायलरचा हिशेब. साध्या मेमरीसाठी तो बरोबरच आहे. पॉइंटरला ‘व्होलटाइल’ (‘इथलं कुठलंही वाचन-लेखन गाळू नकोस’ असं कंपायलरला सांगणारा शब्द) लावलं आणि १२० परत आले. कर्नलच्या आत ड्रायव्हर लिहिताना आयओरीमॅपने मिळालेला कार्डाच्या जागेचा पॉइंटर थेट न वापरता रीडएल आणि राइटएल ही वाचण्या-लिहिण्याची फंक्शन्स का वापरायला लावतात, ते मला तिथे समजलं. ती वाचन गाळू देत नाहीत आणि क्रमही सांभाळतात.

(१२च्या पुढची संख्या देऊ नका, १३ चं फॅक्टोरियल ३२ बिटांत मावत नाही.)

एवढं हातात बसलं की डीएमएकडे, म्हणजे डिव्हाइसने थेट मेमरी वापरण्याकडे, वळा. तिथे बाजू उलटते, कार्डच तुमच्या रॅममध्ये लिहितं, आणि पेज टेबलातली तुमची कुठलीही परवानगी त्याला अडवत नाही. त्याला अडवायला आयओएमएमयू, म्हणजे डिव्हाइसेससाठीचं एमएमयू, लागतं. यूझर प्रोग्रॅमला डिव्हाइस सुरक्षितपणे सोपवणारी लिनक्सची व्हीएफआयओ ही सोय त्याच्याच आधारावर उभी आहे. एडूचा डीएमए मुळात २८ बिटांचा आहे, त्यामुळे रॅममध्ये २५६ एमबीच्या वरच्या पत्त्यावरचा बफर (डेटासाठी राखलेली जागा) दिलात तर त्याचा हात तिथवर पोचणार नाही. माझा पहिला बफर नेमका त्याच्या वर होता.