विद्यापीठात भौतिकशास्त्राचे संशोधन करायचे असेल तर

टीआयएफआर किंवा आयसर या केंद्रीय संशोधन संस्थांतील शास्त्रज्ञ आणि राज्य विद्यापीठातील भौतिकशास्त्राचा प्राध्यापक यांची कामे वरवर सारखी दिसली, तरी दोघांचे दिवस फार वेगळे असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमानुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे लागते. पेपर तपासणी, प्रात्यक्षिक परीक्षा, महाविद्यालये-विद्यापीठांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली आणि समित्यांच्या बैठका यांची भर त्यावर पडते, आणि मग उरेल तो वेळ संशोधनाचा. ज्याला ही वाट धरायची आहे त्याने उरलेल्या वेळात पुढे जाऊ शकेल असे संशोधन निवडायला एमएस्सीपासूनच शिकावे. पुढचा बहुतेक सल्ला या एका गोष्टीभोवतीच फिरतो.

एमएस्सी जॅम या प्रवेश परीक्षेमार्गे आयआयटीत करावी की जवळच्या विद्यापीठात, हा प्रश्न विद्यार्थ्यांना वाटतो तितका निर्णायक नाही. अभिजात यामिकी, विद्युतगतिकी, पुंज यामिकी आणि सांख्यिकीय भौतिकी हे चार विषय उदाहरणे स्वतः सोडवून पक्के झाले पाहिजेत, हे अधिक महत्त्वाचे. दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प मात्र जपून निवडावा. ज्यात एखादे उपकरण स्वतः चालवावे लागेल किंवा संगणकीय प्रोग्राम स्वतः लिहावा लागेल असाच प्रकल्प घ्यावा. निर्वात पंपाची गळती शोधण्यात गेलेला आठवडा पुढे किती उपयोगी पडतो, हे त्या आठवड्यात कोणालाच पटत नाही.

प्राध्यापकपदाची पात्रता आणि संशोधनाची छात्रवृत्ती यांसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट ही राष्ट्रीय परीक्षा असते. तिची भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका ३ तासांची आणि २०० गुणांची असते. अ भागातले १५ प्रश्न सोडवून ३० गुण, ब भागातले २० सोडवून ७० आणि क भागातले २० सोडवून १०० गुण मिळू शकतात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एकचतुर्थांश गुण कापले जातात. अ भागात सामान्य तर्क आणि आकडेमोड असते, म्हणून अनेकजण त्याकडे दुर्लक्ष करतात आणि थोडक्यात हुकतात. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. महाराष्ट्र व गोव्यासाठीच्या सेट या राज्यस्तरीय परीक्षेने सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळते, पण छात्रवृत्ती मिळत नाही. जुलै २०२३ पासून नेट किंवा सेट ही किमान पात्रता पुरेशी असून पीएचडी ऐच्छिक आहे. तरीही विद्यापीठाच्या विभागात पीएचडीशिवाय मुलाखतीला जाणे म्हणजे नुसती औपचारिकता, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्गदर्शक निवडताना त्यांच्या शोधनिबंधांची यादी पाहावीच, पण त्याआधी त्यांच्या प्रयोगशाळेत एक दिवस बसून यावे. उपकरणे चालू आहेत की आच्छादनाखाली आहेत, दुरुस्तीचा खर्च कोण करते, आधीच्या विद्यार्थ्यांना प्रबंध सादर करायला किती वर्षे लागली आणि ते आज कुठे आहेत, हे तिथल्या ज्येष्ठ विद्यार्थ्यांना चहाच्या वेळी विचारावे. कार्यालयात विचारून ही माहिती मिळत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ पेक्षा जास्त संशोधक विद्यार्थी असू शकत नाहीत. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्रबंधासाठी साधारणपणे सहा वर्षांची मर्यादा असली तरी छात्रवृत्ती पाच वर्षांत संपते, त्यामुळे आखणी पाच वर्षांचीच करावी.

संशोधनाचा प्रश्न निवडणे हे सर्वांत अवघड काम. विभागात महागडे उपकरण नाही ही तक्रार खरी असते, परंतु देशात अशी केंद्रे आहेत जिथे कुठल्याही विद्यापीठातील संशोधकाला प्रस्ताव पाठवून काम करता येते. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात पेलेट्रॉन या कणत्वरकाने आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा करून पदार्थाचे गुणधर्म तपासता येतात. इंदूरला २.५ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे इंडस-२ सिंक्रोट्रॉन, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून तीव्र क्ष-किरण मिळवून देणारे यंत्र, आहे. नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. विद्यापीठांतील शिक्षकांना अशा सोयी मिळाव्यात याच विचाराने जयंत नारळीकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या आंतरविद्यापीठ केंद्राची स्थापना झाली. तिथल्या अभ्यागत सहयोगी योजनेतून विद्यापीठात शिकवणारा माणूस ठरावीक काळ येऊन काम करू शकतो.

अशा ठिकाणी वेळ मागणाऱ्या प्रस्तावात विषयाची थोरवी सांगत बसू नये. नेमका प्रश्न कोणता, त्यासाठी हेच उपकरण का हवे, नमुने किती आणि प्रत्येकाला किती तास लागतील, हे आकड्यांनिशी लिहावे. आपल्याच विभागात केलेल्या क्ष-किरण विवर्तनाचा (स्फटिकरचना दाखवणाऱ्या चाचणीचा) आलेख सोबत जोडावा. नमुना शुद्ध आहे हे परीक्षकाला आधीच दिसले की अर्धे काम झाले.

शोधनिबंध प्रसिद्ध करण्यापूर्वी अर्काइव्ह (arXiv) या सर्वांना खुल्या संकेतस्थळावर ठेवावा. नियतकालिकाच्या परीक्षकाचे शेरे आले की एक रात्र जाऊ द्यावी आणि मग प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्यावे. सहयोगी प्राध्यापकपदाच्या थेट भरतीसाठी सात आणि प्राध्यापकपदासाठी दहा शोधनिबंध लागतात. या आकड्यांच्या धाकाने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांकडे वळण्याचा मोह होतो, पण निवड समितीतल्या जाणकाराला ती नावे चांगली ठाऊक असतात.

पीएचडी आणि कायम नोकरी यांच्यामध्ये अनेकांची काही वर्षे तासिका तत्त्वावर जातात. या काळात मिळतील तितके तास घेण्याची घाई होते आणि ती समजण्यासारखी आहे, तरीही आठवड्यातला एक संपूर्ण दिवस संशोधनासाठी मोकळा ठेवावा, कारण शोधनिबंधांत पडलेला खंड नंतर भरून निघत नाही. कायम सहायक प्राध्यापकाचे सातव्या वेतन आयोगातील सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. पदोन्नतीच्या वेळी प्रत्येक दाव्याला कागद मागतात, म्हणून नेमणुकीच्या आदेशापासून उजळणी वर्गाच्या प्रमाणपत्रापर्यंत सर्व एकाच फायलीत पहिल्या दिवसापासून ठेवावे.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात विभागाचे डेड स्टॉक रजिस्टर, म्हणजे उपकरणांची नोंदवही, मागून घ्यावे आणि प्रयोगशाळा सहायकाला बरोबर घेऊन कपाटे उघडावीत. एखाद्या जुन्या प्रकल्पाच्या पैशांतून आणलेले आणि केवळ त्याला वीज पुरवणारा एक संच (पॉवर सप्लाय) बिघडल्यामुळे बाजूला पडलेले उपकरण तिथे सापडू शकते. ते दुरुस्त करून एमएस्सीच्या दोन विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून द्यावे. अनुदानाचा प्रस्ताव लिहायला बसाल, तेव्हा जोडण्यासाठी स्वतःच्या विभागातले पहिले आलेख त्यातूनच मिळतील.