दोन पुरुषांचं प्रेम, एक खून आणि जुनं नाशिक : लिहिताना या चुका टाळा

गेल्या काही वर्षांत माझ्याकडे वाचायला येणाऱ्या हस्तलिखितांत एक नवी गोष्ट दिसायला लागली आहे. मराठी मुलंमुली जुन्या काळातल्या दोन पुरुषांच्या प्रेमकथा लिहू लागली आहेत, आणि त्यात बहुतेकदा एक खूनही असतो. मला याचा मनापासून आनंद आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातही अशी माणसं होतीच. ती आपल्या भाषेत यायला फार उशीर झाला. म्हणूनच ही पुस्तकं कच्ची राहू नयेत असं वाटतं.

मी स्वतः तीन वर्षं अशाच कादंबरीत अडकलो होतो. काळ १९०९ चा. नाशिकच्या तिवंध्यातल्या वाड्यात राहणारा, कचेरीत कागदांच्या नकला उतरवणारा एक ब्राह्मण कारकून आणि तांबट आळीतला एक तरुण कारागीर. एक सावकार आपल्या माडीवर मरून पडतो आणि संशय कारकुनावर येतो. पुढे सांगतो त्यातल्या बऱ्याच चुका माझ्या पहिल्या खर्ड्यात होत्या.

न सांगता येणारी रात्र

ही चूक जवळजवळ प्रत्येक हस्तलिखितात असते. खुनाच्या रात्री नायक प्रियकराजवळ होता. ते सांगितलं तर गुपित फुटतं, नाही सांगितलं तर फास लागतो. कागदावर हा पेच जबरदस्त दिसतो. पण १९०९ च्या नाशकात तो उभाच राहत नाही.

त्या काळी वाड्याच्या माडीवर, ओसरीवर चार-चार पुरुष एका सतरंजीवर झोपत. दोन मित्र गळ्यात हात टाकून गोदाघाटावर फिरत. ‘बोलता बोलता उशीर झाला, तिकडेच आडवा झालो’ असं फौजदारापुढे सांगायला कोणालाही काही वाटलं नसतं, आणि फौजदारानंही पुढे विचारलं नसतं. आजच्या माणसाला दोन पुरुष एका खोलीत दिसले की जे सुचतं, ते तेव्हाच्या शेजाऱ्याला सुचत नव्हतं. तुमच्या पात्रांना लपायला तळघर आणि पडका बुरूज शोधत बसू नका. दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर असणं हाच त्यांचा आडोसा होता.

मग पेच कुठे धरायचा? जातीत. माझा कारकून तांबटाच्या घरी नुसता झोपला नाही, तिथे जेवला, पाणी प्यायला. १८९० साली पुण्यात ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून केवढं ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, माजलं, टिळकांनाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं, हे ठाऊक असेल तर कारकुनाच्या तोंडाला कुलूप का लागलं ते कळतं. त्याला वाळीत टाकण्याची भीती आहे, घरात बहिणीचं लग्न ठरायचं आहे. प्रेमाचं गुपित त्याच्याही खाली, आणखी एक थर आत. वाचकाला दोन्ही दिसतात, गावाला फक्त वरचा. हे सापडलं आणि माझी अर्धी कादंबरी जागेवर आली.

३७७ कलम जादूच्या कांडीसारखं वापरणं

भारतीय दंडसंहिता १८६० ची, लागू झाली १ जानेवारी १८६२ ला. तिच्या कलम ३७७ मध्ये ‘अनैसर्गिक’ संभोगाला जन्मठेप काळं पाणी किंवा दहा वर्षांपर्यंत कैद, वर दंड. लेखक हे वाचतात आणि लगेच फौजदाराच्या हाती प्रेमपत्र देऊन बेड्या ठोकवतात. तसं होत नाही. कलम कृत्याबद्दल होतं, ओढीबद्दल नव्हतं. १८८४ मध्ये अलाहाबाद हायकोर्टानं खैराती नावाच्या आरोपीला सोडून दिलं, कारण कृत्य कधी, कुठे, कोणाबरोबर झालं हे फिर्यादी पक्षाला सांगताच आलं नव्हतं. नुसत्या पत्रावर शिक्षा होणं कठीण.

पण कायद्याचा धाक खटल्याविनाही चालतो, आणि कादंबरीला तेच हवं असतं. पत्र हाती लागलेला भाऊबंद कोर्टात जात नाही, घरी येऊन बसतो. वाटणीत जास्तीची खोली मागतो. जाताना ‘वहिनींना नमस्कार सांगा’ म्हणतो. हा छळ वीस वर्षं चालू शकतो, आणि खुनाला एवढं कारण पुरतं.

पत्रांचा उपयोग नीट न करणं

नाशकात १९०९ ची गोष्ट लिहायची आणि कलेक्टर जॅक्सनचा खून टाळायचा, हे जमणारच नाही. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, ‘शारदा’चा प्रयोग. बदली झालेल्या जॅक्सनच्या निरोपाच्या त्या प्रयोगात अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना, कटातले साथीदार कर्वे आणि देशपांडे यांच्यासह फाशी झाली. मधल्या महिन्यांत गावात झडत्या आणि धरपकड.

आता विचार करा. दोन तरुण एकमेकांना सांकेतिक भाषेत लिहितात. ‘सोमवारी घाटावर माल येईल’ म्हणजे मी येईन. ‘काकांना कळू देऊ नकोस.’ अशी चिठ्ठी त्या जानेवारीत पोलिसांच्या हाती लागली तर ते प्रेम शोधतील का? त्यांना पिस्तूलच दिसणार. खरा अर्थ सांगावा तर अब्रू जाते, न सांगावा तर राजद्रोहाचा संशय. ‘न सांगता येणारी रात्र’ जिथे फसते, तिथे ही न सांगता येणारी चिठ्ठी उभी राहते. हा काळ निवडून पत्रांचा वापर नुसत्या विरहासाठी करणाऱ्यांना मी नेहमी हेच सुचवतो.

एक मात्र कळकळीनं सांगतो. त्या कटातल्या खऱ्या माणसांवर प्रेमकथा लादू नका. ती तरुण मुलं होती, त्यांची घरं, वंशज आहेत, आणि आधाराशिवाय त्यांच्या तोंडी काही घालणं बरोबर नाही. आपली पात्रं त्यांच्या गल्लीत राहू देत, तेवढं पुरे.

त्याच रात्रीची आणखी एक चूक दोन हस्तलिखितांत सापडली : ‘अमावास्येचा मिट्ट काळोख’. अमावास्या १२ डिसेंबरला होऊन गेली होती. २१ ला शुद्ध नवमीच्या सुमारास अर्ध्याहून मोठा चंद्र मध्यरात्र उलटेपर्यंत आकाशात होता. रहस्यकथेत कोण कोणाला किती अंतरावरून ओळखू शकतो यावर सगळं उभं असतं, तेव्हा जुनं पंचांग काढून बघाच.

आजची गोदावरी त्या काळात वाहवणं

गंगापूर धरण १९६५ चं. त्याआधी पूर यायचा तो डोंगरातल्या पावसावर, ‘विसर्ग सोडला’ अशी सूचना देणारं कोणी नव्हतं. पाणी कुठवर चढलं ते घाटावर जाऊनच बघायचं. पूर आला की सराफ बाजार सावध. उलट चैत्र-वैशाखात पात्रात डबकी उरायची. एका लेखिकेनं वैशाखात प्रेत घाटावरून ढकललं आणि ते सकाळपर्यंत कोसभर वाहत नेलं. मी तिला आषाढ घ्यायला सांगितलं, आणि आषाढ घेतल्यावर तिचा शेवटच बदलला, कारण पुरात खुन्याला घाटावर जाताच आलं नसतं.

रहाडीबद्दल, म्हणजे रंग खेळायच्या जमिनीखालच्या हौदांबद्दल, मात्र थोडं थांबून सांगतो, कारण नाशिककर लेखकाला एवढी मोठी देणगी दुसरीकडे मिळणार नाही. तिवंधा चौक, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनि चौक इथल्या रहाडी पेशवेकाळापासूनच्या मानतात. रंगपंचमीला त्या उघडायच्या, फुलं उकळून केलेला रंग त्यात ओतायचा, प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, आणि मग एकामागून एक ‘धप्पा’, म्हणजे रहाडीत उडी. उरलेलं वर्षभर वर लाकडी ओंडके, माती, आणि त्यावरून गावाची रहदारी. हे ऐकल्यावर प्रत्येकाला पहिली कल्पना सुचते ती रहाडीत प्रेत लपवण्याची. नका लपवू. भर चौकात, चारी बाजूंनी वाडे असताना, ओंडके हलवायला दहा माणसं लागतात, आणि पुढे वास लपत नाही.

रहाड प्रेमाला द्या. वर्षातून एकदा, शेकडो लोकांसमोर, ऊन ऊन रंगाच्या पाण्यात दोन पुरुष एकमेकांना धरून बुडतात आणि कोणी नजर वळवत नाही. वर आल्यावर दोघांची अंगं एकाच रंगाची. १९१० ची रंगपंचमी फाशीच्या सुमारे तीन आठवडे आधीची, सारं गाव दबलेलं. माझ्या कादंबरीत त्या दिवशी ते एकमेकांशी एक शब्दही बोलत नाहीत.

तपास आजचा, काळ कालचा

फटाफट सांगतो. बोटांच्या ठशांचा विभाग कलकत्त्यात १८९७ ला सुरू झाला, तेव्हा १८८५ च्या कथेत ठसे नकोत. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुरावा कायद्यानुसार आरोपीविरुद्ध वापरता येत नसे, त्यामुळे ‘त्यानं ठाण्यात कबूल केलं आणि प्रकरण संपलं’ हे चालणार नाही. सोमल, धोत्रा, बचनाग यांतलं कुठलं विष वापरलं असेल तर व्हिसेरा मुंबईला रासायनिक पृथक्करणाला जायचा आणि उत्तर यायला वेळ लागायचा. त्या वेळेचा कथेत उपयोग करा. मुळात प्रेत सिव्हिल सर्जनपर्यंत पोचलंच पाहिजे. घरच्यांनी घाईनं दहन केलं, अस्थी रामकुंडात गेल्या, की पुरावा संपला. ती घाई कोणाला होती, हा प्रश्न वाचकाच्या मनात पहिल्या तीस पानांत पडायला हवा.

खाजगी गुप्तहेर आणू नका. तेव्हाच्या गावात सगळं माहीत असणारी माणसं वेगळी होती : घराघरांत जाणारा न्हावी, वैद्य, वंशावळींच्या वह्या सांभाळणारे तीर्थोपाध्याय. आणि वाड्याच्या खिडकीशी वाती वळत बसलेली आलवणातली विधवा आत्या. तिच्याकडे कोणी बघत नाही, ती मात्र सगळ्यांकडे बघते. माझ्या कादंबरीतल्या खुनाचा छडा तिनंच लावला.

शब्द

१९०९ च्या पात्राच्या तोंडी ‘मी समलिंगी आहे’ हे वाक्य येऊ शकत नाही. शिव्या होत्या, तमाशातल्या नाच्याला मारायचे टोमणे होते, पण स्वतःबद्दल आदरानं बोलायला शब्द नव्हता. ‘जिवलग’, ‘सोबती’, ‘माझा माणूस’ एवढ्यावर भागवावं लागे. कथा १९२७ नंतरची असेल तर चित्र बदलतं. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ त्या जुलैत सुरू झालं आणि त्यात वाचकांच्या अशा प्रश्नांना सरळ उत्तरं मिळू लागली. त्यावरून खटला झाला तेव्हा १९३४ मध्ये कर्व्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं. नाशकातल्या एखाद्या मास्तरानं टपालानं आलेला अंक दार लावून वाचणं, हा प्रसंग कोणीतरी लिहायलाच हवा.

आणि कृपा करून नायकाला दर वेळी संगीत नाटकात स्त्री पार्ट करणारा नट करू नका. लुगडं नेसून रंगमंचावर येणं हा त्या काळी धंदा होता, मोठ्या मानाचा. त्यावरून कोणाचं मन ओळखता येत नाही. कारकून, तांबट, शाळामास्तर, पोलीस शिपाई यांनाही प्रेम करू द्या.

पुरावा आणि प्रेम वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवणं

प्रेमाची प्रकरणं वेगळी, तपासाची वेगळी, एकाआड एक, अशी मांडणी वाचताना दमछाक होते. मला यातून वाट सापडली ती तांबट आळीत. एका म्हाताऱ्या कारागिराच्या दुकानात मी चार दुपारी बसलो. डाव्या हातानं तांब्या किंचित फिरवायचा, उजव्या हातानं ठोका. फिरव, ठोका. याला मठारणं म्हणतात. त्यानं पत्रा कडक होतो आणि चकाकतो. प्रत्येकाचा ठोका निराळा पडतो. तो म्हातारा नुसतं बोट फिरवून सांगायचा, हे माझ्या भावाचं, हे माझं.

माझ्या तांबटानं कारकुनाला दिलेल्या तांब्यावर काठाखाली एका जागी मुद्दाम एक ठोका सोडलेला आहे. सावकाराच्या माडीचा पंचनामा होतो तेव्हा शिपाई लिहितो : ‘तांब्या नग एक, जुना.’ तो तांब्या तिथे कसा आला यावर सगळा खून उलगडतो, आणि तीच त्या दोघांची एकमेव खूण. एकच वस्तू दोन्ही कामं करते, त्यामुळे प्रकरणं वेगळी करावीच लागली नाहीत.

बायकोला विसरणं

त्या वयाच्या कारकुनाचं लग्न झालेलंच असणार. बऱ्याच हस्तलिखितांत ही बाई एक तर कजाग असते, नाहीतर तीच खुनी निघते, नाहीतर बाळंतपणात मरून वाट मोकळी करते. तिन्ही सोपे रस्ते आहेत, आणि तिच्यावर अन्याय करणारे. नवरा फासावर गेला तर केशवपन तिचं होणार आहे. खटल्यात सगळ्यात जास्त पणाला लागलंय ते तिचंच. तिला निदान एवढं द्या की काय चाललंय ते तिला कळतं.

शेवटी दोघांना मारून टाकण्याचीही गरज नसते. मुंबईच्या चाळींत नोकरीला आलेले पुरुष एकेका खोलीत पाच-सहा राहायचे, तिथे दोघं राहिले तर कोण विचारणार? माझे दोघं तिकडेच गेले. तांब्या नाशकातच राहिला. सकाळी मोरीवर बसून ती तो चिंच आणि राखेनं घासते, काठाखाली अंगठा आला की हात थांबतो, ती तेवढीच जागा पुन्हा एकदा घासते आणि तांब्या उपडा घालते.