सीसीएनएला (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची परीक्षा) बसायच्या आधी एवढं हातात पाहिजे

पहिले तर भाऊ, अभ्यासाचे व्हिडिओ सेव्ह करून ठेवणं बंद कर. मी सहा महिने तेच करून राहिलो होतो, आणि कोणी सबनेट, म्हणजे मोठ्या नेटवर्कचे लहान तुकडे, विचारलं की माझी बोलती बंद. पॅकेट ट्रेसर, म्हणजे कॉम्प्युटरवर खोटं नेटवर्क जोडून बघायचं सॉफ्टवेअर, टाकून घे, सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत अकाउंट काढलं की फुकट मिळतं. आणि एक साधी दोनशे पानी वही.

वहीत रोज सबनेटिंगची दहा गणितं, कॅल्क्युलेटर न घेता. आता हेच बघ, १९२.१६८.१०.७७ स्लॅश २६. आयपी म्हणजे मशीनचा पत्ता, तो ३२ बिटांचा, आणि स्लॅश २६ म्हणजे त्यातले पहिले २६ नेटवर्कचे. बत्तीसमधून सव्वीस गेले, उरले सहा बिट, दोनचा सहावा घात, म्हणजे ६४-६४ चे गठ्ठे, ०, ६४, १२८, १९२. सत्त्याहत्तर ६४ वाल्या गठ्ठ्यात पडला, तर नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवायचा पत्ता) १२७, आणि मधले ६५ ते १२६ असे ६२ पत्ते मशीनींना देता येतात. हे अर्ध्या मिनिटात सुटलं पाहिजे, काहून की पेपर १२० मिनिटांचा आणि एकदा पुढे गेला की मागच्या प्रश्नावर येता येत नाही.

ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांत वाटून दाखवणारं मॉडेल) सात लेयर कोणीही पाठ करते. पॅकेट, म्हणजे डेटाचा तुकडा, राउटरमधून जाताना काय बदलतं ते सांगता येते का बघ. मला ते नागपूर मेट्रोत कळलं, खापरीहून प्रजापती नगरला जायचं तर सीताबर्डीला ऑरेंज लाईन सोडून ॲक्वा धरावी लागते, उतरायचं स्टेशन तेच राहते, गाडी बदलते. आयपी म्हणजे स्टेशन, मॅक, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, तो त्या टप्प्यापुरती गाडी. नॅट (वाटेत आयपीच बदलणारी सोय) आलं की हे गणित बोंबलते, पण ते नंतर.

पोर्ट नंबर, म्हणजे कोणत्या सेवेचा कोणता नंबर, चहा पिता पिता पाठ होतात, एसएसएच (दुरून लॉगिन) २२, डीएनएस (नावावरून आयपी) ५३, एचटीटीपीएस (सुरक्षित वेबसाइट) ४४३. वेळ द्यायचा तो राउटिंगला, पेपरात ते आयपी कनेक्टिव्हिटी या भागात येते आणि त्याला २५ टक्के वजन आहे, स्टॅटिक राउट (हातानं लिहिलेला रस्ता) आणि ओएसपीएफ (राउटरांनी आपसात रस्ते शोधायची पद्धत) स्वतः टाईप करून बघ, मग मुद्दाम राउटरचा एक इंटरफेस (केबल जोडायचं तोंड) शटडाऊन करून शो आयपी राउट या कमांडमधून काय गायब झालं ते शोध.

घरचं नेट बंद पडलं तरी सोडू नको. महालात मावशीकडे मे महिन्यात पीसीवर नेट बंद, मोबाईलवर वायफाय चालू, सगळे कंपनीला शिव्या देऊन राहिले. आयपीकॉन्फिग ही कमांड मारली तर पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा, म्हणजे डीएचसीपीकडून (आपोआप पत्ते वाटणारी सेवा) काही मिळालंच नाही, विंडोजनं आपल्या मनानं लावून घेतला. मागं वाकून पाहतो तर कूलर सरकवताना केबल ओढली गेलेली, प्लगची क्लिप तुटून तो अर्धा बाहेर लोंबकळत होता. मावशी म्हणे, "एवढंच होतं का बे?"

तारीख बुक करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच टाक, स्पेलिंगसकट. उन्हाळ्यात सकाळचाच स्लॉट घे.