पक्ष्यांच्या फांदीची नवी तार कळकट कशी करावी

मे महिना आला की नागपुरात घरोघरी पक्ष्यांसाठी पाण्याचं भांडं ठेवलं जातं. हौशी मंडळी शेजारी बाभळीची नाहीतर सागाची एक वाळकी फांदी टांगतात, म्हणजे बुलबुल, सातभाई आधी तिथे बसतात आणि फोटोही बरा येतो. फक्त फांदी धरणारी तार आरशासारखी चमकते आणि फोटोत नजर नेमकी तिच्यावरच जाते.

तार म्हणजे 2 मिमी जाडीची जीआय (जस्ताचा थर दिलेली) वायर रोप, बारीक तारा पिळून केलेली. इतवारीत लोहाओळीकडे सहज मिळते. कापण्याआधी कापायच्या जागेवर टेप गुंडाळा, नाहीतर पदर सुटतात. टोकांचे फास, क्लॅम्प, सगळं आधी करून घ्या. रंगवलेली तार नंतर वाकवली की रंग तडकतो.

स्टेनलेसची तार असेल तर पुढचं व्हिनेगरचं काम सोडून द्या, तिच्यावर काही होत नाही. तिला पॉलिश पेपरने घासा.

जीआय तारेवर जस्ताचा थर असतो, त्यावर कारखान्यातलं तेल असतं आणि वायर रोपच्या पिळात तर ते आत मुरलेलं असतं. बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. साबणाच्या पाण्याने वरवर पुसून, लगेच व्हिनेगरमध्ये बुडवून, मग "काहीच होत नाही" म्हणणारे ढिगाने भेटतात. तेलावर आम्ल काय करणार?

एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घाला. खायचा नाही, धुण्याचा. जुन्या स्टीलच्या पातेल्यात तार टाकून पंधरा-वीस मिनिटं मंद उकळू द्या, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. ॲल्युमिनियमचं तर मुळीच नको, सोडा ते खातो. पाण्यावर तेलाचा तवंग आला की ते फेकून नव्या सोड्याच्या पाण्यात पुन्हा उकळा. मग तार चिमट्याने उचलून साध्या पाण्यात धुवा आणि तिच्यावर पाणी कसं बसतं ते बघा. थेंबांचे मणी होऊन गोळा झाले तर तेल अजून आहे. पाणी सलग पातळ पसरलं तर तार तयार. ही परीक्षा पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका आणि त्यानंतर उघड्या बोटांनी तारेला हातही लावू नका.

आता साधं पांढरं व्हिनेगर. तार पूर्ण बुडाली पाहिजे. बारीक बुडबुडे दिसतील. दर पाच-सात मिनिटांनी उचलून बघा. आधी चमक मरते, मग पाटीसारखा करडा रंग येतो. तिथेच थांबा. आणखी गडद होईल या हावेने रात्रभर ठेवलेल्या तारेचं जस्त निघून जातं आणि पहिल्याच पावसात तांबूस गंज धरतो. फांदीचं वजन पेलायचं ते याच तारेला.

टॉयलेट क्लीनर किंवा हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरा, असा सल्ला देणाऱ्याला हात जोडा. ते जस्त झटकन उडवतं, वाफा डोळ्यांत जातात आणि पिळात राहिलेलं ॲसिड आतून तार खातं. गॅसवर जाळून काळी करणंही नको, तापलेल्या जस्ताच्या धुराने ताप भरतो. हिरड्याच्या काढ्याचंही कुणी सांगतं. हिरडा लोखंडाला काळं करतो, जस्ताला नाही.

व्हिनेगरमधून काढल्यावर थोड्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, नळाखाली पीळ किंचित उलटा फिरवत धुवा. इथे कंटाळा नको. जस्त पक्ष्यांना विषारी असतं आणि पोपट दिसेल ते कुरतडतात. वापरलेलं व्हिनेगर झाडांना किंवा पाण्याच्या भांड्याजवळ ओतू नका. तार गुंडाळून ठेवू नका, सरळ टांगून वाळवा. ओली गुंडाळी ठेवली की पांढरी भुकटी धरते. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात काम भराभर होतं, पावसाळ्यात या भानगडीत पडूच नये.

करडी तार पुष्कळांना तेवढीच पुरते. रंग हवाच असेल तर बाहेरच्या भिंतीचा मॅट ॲक्रिलिक घ्या. ऑइल पेंट नको. जस्ताशी त्याचा साबण होतो आणि वर्षभरात पापुद्रे सुटतात. दुकानदार "सब पे चलता है" म्हणेल, म्हणू द्या. तार खाली वजन लावून ताणा, सकाळीच काम उरका (दुपारी तापलेल्या तारेवर ब्रश ओढला जात नाही) आणि पातळ हात मारा. एकसारखा तपकिरी रंग पाइपसारखा दिसतो, म्हणून वरून फडक्याने काळपट करड्याचे ठिपके टिपा.

ही तार उभीच टांगायची. आडवी, लांब तार कधीही अशी लपवू नका, उडता पक्षी तिच्यावर आपटतो. खोडाला बांधताना खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला आणि दरवर्षी फास सैल करा, नाहीतर तार सालीत रुतते.