नवी लेन्स घेण्याआधी जुने फोटो चाळा

कॅमेऱ्यासोबत आलेल्या 18-55 मिमी लेन्सला (हीच किट लेन्स) नावं ठेवण्याआधी तुमचे शे-दोनशे आवडते फोटो कॉम्प्युटरवर उघडा आणि प्रत्येकाच्या माहितीत फोकल लेंग्थ (मिमीतला आकडा; लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं लांबचं जवळ) बघा. बरेचसे 18 वर काढलेले असतील तर वाइड, म्हणजे आणखी रुंद दृश्य मावणारी लेन्स हवी. सारखे 55 लाच अडकत असाल तर टेली, म्हणजे लांबचं जवळ आणणारी.

अजिंठ्याचं गणित वेगळं. लेण्यांत अंधार, त्यात फ्लॅशला बंदी. तिथे झूम नाही, मोठं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं लेन्सचं छिद्र) कामाला येतं. एफ/ नंतरचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं. किट लेन्स 55 वर एफ/5.6 पेक्षा जास्त उघडत नाही, एफ/1.8 ची लेन्स तिच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. स्वस्त म्हणून सगळे 50 मिमी सुचवतात. मीही तीच घेतली आणि पस्तावलो! क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ती 75-80 मिमीसारखी वागते, मागे सरकायला जागा उरत नाही. लेण्यांसाठी 35 मिमी एफ/1.8 बरी. वेरूळचं कैलास लेणं उघड्यावर आहे, तिथे किट लेन्सच्या 18 वर भागतं.

हिवाळ्यात जायकवाडीला पक्षी टिपायचे असतील तर मात्र 55 मध्ये नुसते ठिपके येतात. 70-300 बघा, पण स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) असलेलीच. उडत्या पक्ष्याला त्याचा उपयोग नाही. तिथे शटर 1/1000 सेकंदापेक्षा वेगवान ठेवा.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून आत बुरशीचे धागे दिसतात का ते बघा. दिसले तर फुकटसुद्धा नको.