तळ्यातला गाळ शेतात टाकायच्या आधी एवढं बघा

रोहिणी तोंडावर आलंय, धूळवाफ पेरणीची घाई आणि तळी आटल्यामुळं जिकडं तिकडं गाळाच्या ट्रॉल्या पळायलेत. गावतळ्याचा गाळ चांगलाच, आजोबांपासून टाकत आलोय. पण शहराचं गटारीचं पाणी उतरतं त्या तळ्याचा, पाणथळीचा नाहीतर बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या काठचा गाळ ही वेगळी चीज आहे, दोन्ही एकच समजू नका ही हात जोडून विनंती.

गॅरेजचं ऑइल, जुन्या बॅटऱ्या, रंग, धातूला मुलामा देणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यांचं पाणी, रस्त्यावरची धूळ सगळं वाहत येतं आणि पाणी जिथं थांबतं तिथं चिकणमातीला धरून तळाला बसतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम असले जड धातू. हे शेणासारखं कुजून जात नाही, थरावर थर साचतो. पाण्याखाली असतंय तोवर बरंचसं बांधलेलं राहतं, पण तोच गाळ उपसून उन्हात पसरला, हवा लागली की कॅडमियम मोकळं होऊन मुळांना मिळायला लागतं.

मागल्या उन्हाळ्यात आमच्या बांधावर उतरलेल्या ट्रॉलीतलं एक ढेकूळ मी हातानं फोडलं, आत काळंकुळीट, कुजक्या अंड्याचा वास आणि मधोमध बॅटरीच्या प्लेटचा तुकडा. वास तर गावतळ्याच्या गाळालाही येतो आणि वास नाही म्हणून गाळ चांगला असंही नाही, त्यामुळं नाकावर जाऊ नका, तपासा.

आणि सॉईल हेल्थ कार्डवर विसंबू नका, त्यात पीएच, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त असलं 12 गोष्टींचं असतं, शिसं-कॅडमियम नसतंच. कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात किंवा केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) विचारून जड धातूंची टेस्ट कुठं होते ते बघा आणि सॅम्पल वेगळं द्या, ट्रॉलीच्या वरचं एक मूठ नको, चार-पाच जागचं मिसळून द्या. रिपोर्ट आला की शहरी कंपोस्टला सरकारनं घातलेल्या मर्यादेशी ताडून बघा, किलोमागं कॅडमियम 5 मिलिग्रॅम, शिसं 100, क्रोमियम 50, निकेल 50. त्याच्या वर असेल तर फुकट मिळाला तरी नको. तिथली जलपर्णीपण खतात घालू नका, ती हेच धातू शोषून घेते.

ज्यांनी आधीच टाकलाय त्यांनी घाबरायचं नाही, पण त्या वाफ्यात पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा नको, पालेभाज्यांत कॅडमियम जास्त उतरतं आणि शिशाची माती पानाला, मुळाला चिकटून घरात येते. त्यापेक्षा दोडका बरा. आपल्या पश्चिमेकडच्या तांबड्या मातीत आंबटपणा असतो, तिथं पीएच बघून शेतीचा चुना द्या, शेणखत भरपूर घाला. पूर्वेकडच्या काळ्या रानात चुन्याची गरज नाही.

भातवाल्यांनी एक ध्यानात ठेवा, पोटरीत आल्यापासून दाणा भरेपर्यंत त्या खाचरातलं पाणी तोडू नका, उभ्या पाण्यात कॅडमियम दाण्यात कमी जातं. जपानात जिंझू नदीच्या काठी खाणीचं कॅडमियमचं पाणी भातखाचरात शिरलं आणि तो भात खाऊन लोकांची हाडं पिचली, त्या रोगाचं नावच इताई-इताई, म्हणजे दुखतंय-दुखतंय. 1968 ला तिथल्या सरकारनं कबूल केलं की हे प्रदूषणामुळं झालं.

ट्रॉलीवाल्याला भाडं ठरवायच्या आधी एवढं विचारा, गाळ कुठल्या तळ्याचा आणि त्या तळ्यात पाणी कुठलं येतं.