नवख्यांचा पॅच रिव्ह्यूपर्यंत न्यायचा कसा

मालवणात माझ्या पडवीत दर रविवारी कॉलेजची चार-पाच मुलं लॅपटॉप घेऊन बसतात. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या एकीने एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रकल्पाला पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवला होता. त्याची पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल घ्या' ही विनंती, तीन आठवडे तशीच पडून होती. "ताई, माझा कायतरी चुकला असतला, म्हणान कोण बोलत नाय," असं म्हणून ती बंदच करायला निघाली. म्हटलं थांब, आधी आपण दोघी वाचूया.

उघडून बघते तर बारा फाइली, साडेसहाशे ओळी. खरा बदल चारच ओळींचा: तारीख चुकीची दिसायची, ती तिने नीट केली होती. बाकी सगळं एडिटरने सेव्ह करताना परस्पर केलेलं फॉरमॅटिंग. नोकरी सांभाळून रात्री रिव्ह्यू करणाऱ्याने, म्हणजे बदल तपासणाऱ्याने, त्या चार ओळी शोधायच्या तरी कशा? तिचा कमिट (कोडमधल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या 'गिट'मधली नोंद) एकच होता, म्हणून 'गिट रीसेट हेड~1' करून तो मागे घेतला. बदल फाइलींत तसेच राहतात. मग 'गिट ॲड -पी'. गिट एकेक तुकडा समोर धरून विचारतं, घ्यायचा का? हव्या त्याला 'वाय', नको त्याला 'एन'. पुन्हा कमिट करून त्याच ब्रँचवर (कोडच्या तिच्या शाखेवर) 'फोर्स-विथ-लीज'ने पुश केलं, म्हणजे मधे दुसऱ्या कुणाचं काम आलेलं नसेल तरच जुन्याच्या जागी नवं चढवलं. नवी रिक्वेस्ट उघडू देऊ नका, आधीची चर्चा मागे राहते.

तुम्ही कुणा नवख्याला मदत करत असाल तर मेंटेनरच्या (प्रकल्प सांभाळणाऱ्याच्या) आधी तुम्ही वाचा. मर्ज करायचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळायचा, अधिकार नसला तरी ब्रँच आपल्या मशीनवर उतरवून चालवता येते. कुठल्या आवृत्तीवर चालवलं, आधी काय दिसायचं, आता काय दिसतं, एवढं खाली लिहा. नुसत्या 'छान आहे'ने मेंटेनरचं काम कणभरही हलकं होत नाही. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्याच्या कोडमध्ये) तर यासाठी 'टेस्टेड-बाय' (अमक्याने चालवून पाहिलं) अशी वेगळी ओळच असते.

पुल रिक्वेस्टचं वर्णन मात्र नवख्यांनाच लिहू द्या. आधी मराठीत तोंडी सांगायला लावा: काय बिघडलं होतं, ते कसं दिसतं, काय बदललं. इंग्रजी मग साधंच येतं, आणि तेच बरं.

रिव्ह्यूसाठी कुणाला विचारायचं ते 'कोडओनर्स' (कुठला भाग कुणाकडे ते सांगणाऱ्या) फाइलीत सापडतं. ती नसेल तर बदललेल्या फाइलीचा 'गिट लॉग' (आधीच्या बदलांची यादी) बघा. अलीकडे तिथे हात लावलेल्या एकालाच नावाने विचारा. पाच जणांना टॅग केलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल. आठवण करायला किमान आठवडा जाऊ द्या, कर्नलचे नियमही तेच सांगतात. गणपतीत आपण मशीन उघडणार नसू तर तसं एका ओळीत कळवून ठेवा.

तिला चौथ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. बदल बरोबर आहे, सोबत एक टेस्ट जोडाल का? टेस्ट, म्हणजे बदल नीट चालतो का ते आपोआप तपासणारा कोड, कशी लिहितात हे तिला ठाऊक नव्हतं. पुढचा अख्खा रविवार आम्ही त्यातच घालवला.